ॲल्गोंक्विनच्या तळ्यांतून कनूने: दुरुस्तीच्या पिशवीत काय भरावं

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोन जोडपी दोन कनू (वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होड्या) घेऊन कॅनडातल्या ॲल्गोंक्विनला जाऊन आलो. टोरंटोहून गाडीने तीनेक तास. १८९३ पासून राखीव असलेलं हे रान सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर आहे, आणि आम्ही गेलो त्या भागात हायवे ६० सोडला की तळी आणि पायवाटा, बस्स. ‘कनू लेक’ नावाच्या तळ्यावरून निघालो, ‘जो लेक’, ‘लिटल जो’, ‘बेबी जो’ ही तळी करत ‘बर्न्ट आयलंड लेक’वर तंबू टाकला. मेपल लालभडक झाले होते. दोन तळ्यांच्या मधे कनू खांद्यावर उलटी घेऊन चालायचं, म्हणजे पोर्टेज. पिवळी पाटी दिसली की उतरायचं. पहिलंच पोर्टेज २९५ मीटरचं.

बाकी वर्णन बरेच जण करतात. मला लिहायचंय ते दुरुस्तीच्या पिशवीबद्दल, कारण आत मोबाइलला रेंज नाही आणि मोडलेली वस्तू तिथेच चालती करावी लागते. पिशवी भरताना मी एकच प्रश्न विचारतो: हे मोडलं तर परत येणं अडेल का? कनू, वल्हं, पाणी, निवारा आणि पायातले बूट यांनी अडतं. खुर्चीचं कापड फाटलं तर खाली बसता येतं.

बर्न्ट आयलंडच्या अलीकडच्या पोर्टेजवर एका कनूच्या मधल्या आडव्या दांड्याचा नट गळून पडला. खांद्यावर सगळा भार याच दांड्यावर येतो. पानांच्या खचात नट कुठला सापडायला! पिशवीत त्याच मापाचा बोल्ट, चकती आणि हाताने पिळता येणारा विंग नट होता, म्हणून पाच मिनिटांत पुढे निघालो. भाड्याची कनू ताब्यात घेताना धक्क्यावरच बोल्टचं माप बघा आणि तसे दोन मागून घ्या. दांडाच मोडला तर बाजूला काठी लावून गॅसच्या नळीला असते तसली स्क्रूची क्लिप दोन ठिकाणी आवळायची. वल्ह्यालाही हाच उपाय, पण एक जादा वल्हं न्यायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी तीच कनू पाण्याखालच्या खडकाला घासली. केवलारची (मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडाची) कनू हलकी, साधारण २० किलोची, पण अशा घासण्याला नाजूक. बुडाशी बोटभर चीर पडली आणि आत पाणी झिरपू लागलं. किनाऱ्यावर कनू उलटी केली, चीर पुसली आणि उन्हात पूर्ण वाळू दिली. घाई करायची नाही ती इथेच, कारण ओल्या पृष्ठभागावर डक्ट टेप (जाड कापडी चिकटपट्टी) अर्ध्या तासात सुटते. मग स्पिरिटच्या पुसणीने तेलकटपणा काढला, टेपचे कोपरे कात्रीने गोल कापले (टोकदार कोपरा पाण्याने उचकटतो), चिरेच्या चारही बाजूंनी तीन बोटं पुढे जाईल एवढा तुकडा लावला आणि चमच्याच्या पाठीने घासून घासून बसवला. आतूनही एक. परतीपर्यंत थेंब आला नाही. पाऊस असेल तर टेपचा उपयोग नाही, त्यासाठी एम-सीलसारखी, ओल्यावरही बसणारी एपॉक्सीची कांडी ठेवा. मात्र थंडीत एपॉक्सी फार हळू घट्ट होतं, म्हणून कांडी आधी खिशात ऊबेला ठेवायची.

पाण्याच्या फिल्टरबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आत बारीक नळ्या असलेला फिल्टर एकदा गोठला की निकामी होतो, आणि बाहेरून काही कळत नाही. सप्टेंबरअखेरच्या रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्या. जोडीला क्लोरीनच्या गोळ्या हव्यातच. त्याही संपल्या तर पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं.

तंबूच्या काडीसाठी बोटभर लांबीची धातूची नळी लागते. मोडलेल्या जागेवर ती सरकवायची आणि दोन्ही टोकांना टेप. तुटलेलं टोक फाकलेलं असतं, ते आधी पकडीने दाबून घ्या. बाकी पिशवीत जाड सुई, मेणाचा दोरा, शिवणीचा डिंक (उघडलेली ट्यूब पुढच्या मोसमापर्यंत दगड होते, नवी घ्या), हवा भरायच्या गादीचे पॅच, पॉलिश पेपर, झिप टाय, पाच-सहा मीटर दोरी, सॅकचं एक जादा बकल आणि पकडवाला मल्टिटूल. बुटाचा तळ सुटला तर हीच टेप आणि दोरी. सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास.

पिशवी भडक रंगाची, पाणी न शिरणारी घ्या. पोर्टेजवर ती कनू उचलणाऱ्यामागे चालणाऱ्याकडे असावी. थोडी टेप पाण्याच्या बाटलीलाही गुंडाळून ठेवा.

भारतातून कोणी यायचं असेल तर मल्टिटूल विमानात चेक-इनच्या बॅगेतच टाका. स्टोव्हचं इंधन विमानात अजिबात चालत नाही. ते आणि डिंक इथे पोचल्यावर घ्या. आतल्या मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, आणि मेपलच्या दिवसांतल्या जागा भराभर जातात.