बारावा दिवस, १०३.४

काकांच्या काळू कुत्र्याच्या कानामागे एकच गोचीड होती, रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली. चिमट्याने अगदी कातडीलगत धरली, सरळ ओढली, जागा पुसली. "तीनेक आठवडे लक्ष ठेवा, काका," असं म्हणालो खरा, पण दाराकडे बघत, पुढच्या पेशंटला बोलावता बोलावता.

काकांनी मात्र ते मनावर घेतलं. चौदाव्या दिवशी वही घेऊन हजर! पट्टीने आखलेले रकाने: ताप, खाणं, लघवीचा रंग, हिरड्या. अकरा दिवस सगळं ठीक, ताप १०१ ते १०२च्या आत, कुत्र्यात एवढा नेहमीचाच. बाराव्या दिवशी १०३.४ आणि पुढे 'अर्धं खाणं सोडलं'. तेराव्याला १०२.२, 'जरा बरा'. चौदाव्याला पहाटे परत १०३.६.

इकडे टेबलावर काळू शेपूट हलवत उभा, ताप १०२.३. खोटं कशाला बोलू, वही नसती तर भुकेचं औषध देऊन घरी पाठवला असता.

उताणा केला. पोटावर, जिथे केस विरळ असतात तिथे, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बोटाने दाबले तरी फिके होईनात. म्हणजे कातडीखाली रक्त झिरपत होतं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, आल्या ४८ हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. लघवी तांबडी नव्हती, हिरड्या गुलाबी, तेव्हा बबेसियाचा, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या, तांबड्या पेशी फोडणाऱ्या परजीवीचा, संशय जरा मागे पडला. तरी कानाच्या टोकाचं थेंबभर रक्त काचेवर घेतलं. बराच वेळ काही दिसेना. मग एका मोनोसाइटमध्ये, म्हणजे एका पांढऱ्या पेशीत, तुतीच्या फळासारखा जांभळा पुंजका. एर्लिकिया! गोचिडीच्या चाव्यातून येणारा जंतू. हा स्लाइडवर क्वचितच सापडतो. मी सहायकाला हाक मारून दाखवला.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. २८ दिवस, खाण्याबरोबरच, रिकाम्या पोटी दिलं तर ओकून टाकतो.

"आणि चार दिवसांत उड्या मारायला लागला तर?"

"तरीही २८. नाकातून रक्त आलं तर मात्र रात्री-अपरात्री फोन करा."

काकांनी तिथेच नवं पान आखायला घेतलं. मध्येच थांबून विचारलं, "हिरडी दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत यायला हवा?"

"दोन सेकंदांच्या आत."

या वेळी मी दाराकडे बघत नव्हतो. काळूची हिरडी त्यांच्याच बोटाने दाबून घेतली.