आईने फोन पालथा ठेवला

आज दादरला डॉक्टरांनी आईला सांगितलं, साखर वाढलीय. परतीच्या डोंबिवली लोकलमध्ये तिने फोनलाच विचारलं, "शुगरमध्ये भात चालतो का?" घरी येऊन चहा टाकेपर्यंत तिच्या फीडवर ग्लुकोमीटर, कारल्याचा रस, डायबिटीसवाल्यांचा विमा! आईने फोन पालथा ठेवला आणि हळूच म्हणाली, "अगं, मी अजून तुझ्या मामालासुद्धा सांगितलं नाही."

ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

रात्री तिच्या सेटिंग्जमध्ये शिरले. ट्रॅकिंग बंद करायचा पर्याय सापडायला २० मिनिटं लागली, आणि सगळं इंग्रजीत. आई मराठी शाळेत सातवी शिकलेली. तिने कधीतरी 'आय अ‍ॅग्री' दाबलं, त्याला संमती म्हणायचं?

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची विनंती मराठीतही वाचता आली पाहिजे असं लिहिलंय. त्याच कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी लिहिलीय (हे फार चांगलं झालं). पण आईचं काय? २०१९ च्या विधेयकात आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी धरली होती. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं, आणि आताच्या कायद्यात तो वेगळा वर्गच नाही. तो परत यायलाच हवा.

ट्रॅकिंग बंद केलंय. आई आता डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहितेय. पहिला प्रश्न भाताचाच.