पळायच्या आधी काय खायचं? केनियाचं उत्तर फारच साधं निघालं

साताऱ्याच्या आमच्या रनिंग ग्रुपवर सप्टेंबरची हिल मॅरेथॉन जवळ आली की एकच चर्चा, सकाळी काय खाऊन पळायचं. कोणी म्हणतं केळं, कोणी चार खजूर, कोणी रात्री भिजवलेले बदाम, एक काका दरवर्षी न चुकता साबुदाण्याची खिचडी म्हणतात आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडतात. मग कोणीतरी मला टॅग करणारच, अगं तू केनियात आहेस ना, ते लोक काय खातात ते विचार की. तर घ्या, विचारलं. चहा.

थापा मारत नाहीये. मागच्या सुट्टीत आम्ही इटेनला जाऊन आलो. नैरोबीहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, केरिओ दरीच्या कड्यावर वसलेलं छोटंसं गाव, उंची साधारण 2,400 मीटर (आपलं महाबळेश्वर 1,350 च्या घरात आहे म्हणजे बघा, मला तर जिने चढतानाच धाप लागत होती). गावात शिरतानाच 'होम ऑफ चॅम्पियन्स' लिहिलेली कमान आहे आणि ती उगाच नाहीये, जगातले कितीतरी मोठे धावपटू या आणि आजूबाजूच्या गावांतल्या लाल मातीच्या रस्त्यांवर तयार झालेत. आम्ही उतरलो होतो त्या घरमालकीणबाईंचा पुतण्याही पळणाऱ्यातला. विषुववृत्त जवळच, त्यामुळे इथे बारा महिने उजाडतं साडेसहाच्या आगेमागे, आणि हा मुलगा अंधारातच स्वयंपाकघरात यायचा, थर्मासमधला चहा अर्धा मग ओतून घ्यायचा, उभ्याउभ्याच प्यायचा की चालला. चहा आपल्यासारखाच दूध-पाणी-साखर एकत्र उकळलेला, फक्त साखर इतकी की माझ्या सासूबाईंनी तिथल्या तिथे डायबेटिसवर लेक्चर दिलं असतं. कधी कधी तेवढाही नाही, नुसतं पाणी.

आता हे वाचून लगेच "बघा, उपाशीपोटीच पळायचं असतं" असं ग्रुपवर टाकू नका, कारण हा मुलगा आदल्या रात्री काय जेवला होता तेही मी बघितलंय!

रात्री उगाली. म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची, आपण तांदळाच्या पिठीची उकड काढतो साधारण तशीच, पण तिच्या दुप्पट घट्ट. पातेल्यात पाणी खळखळा उकळलं की मालकीणबाई मुठीमुठीने पीठ टाकायच्या आणि लाकडी पळीने असं काही घोटायच्या की पातेलं धरायला दुसरं माणूस लागायचं, गोळा कडा सोडायला लागला की झाकण ठेवून एक वाफ, आणि मग ताटलीत उपडं, मोदकपात्राएवढा ढीग. मीठ नाही, तेल नाही, काही नाही. हाताने लचका तोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात सुकुमा विकी (कांदा-टोमॅटोवर परतलेली हिरवी पालेभाजी) उचलून तोंडात. मला एक चतकोर संपेना, तो मुलगा शांतपणे डोंगर संपवत होता. मटण आठवड्यातून कधीतरी, तेही थोडंसंच.

खरी गोष्ट ही आहे. 2004 मध्ये केनियाच्या टॉपच्या धावपटूंच्या आहारावर एक अभ्यास छापून आला होता, त्यात त्यांच्या खाण्यातली साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा कार्ब्समधून येत होती आणि त्यात उगाली आणि साध्या साखरेचा वाटा मोठा होता. रात्रीच्या झोपेत लिव्हरमधलं ग्लायकोजेन (शरीराने साठवून ठेवलेली साखर) बरंच खर्च होतं पण मांड्या-पोटऱ्यांमधलं जवळपास तसंच राहतं, आणि तास-सव्वा तास बेताने पळायला ते आरामात पुरतं. म्हणजे सकाळी तुम्ही जे काय तोंडात टाकता ते फक्त वरचं थोडंसं, मुख्य काम रात्रीच्या जेवणाने करून ठेवलेलं असतं. आणि आपल्याकडे काय चाललंय, रात्री वजन कमी करायचं म्हणून सूप आणि सॅलड, आणि पहाटे पाच वाजता बदाम मोजत बसायचं. बदामाने तर उलट पोट जड होतं, फॅट पचायला वेळ लागतो, आणि पळताना पोटाकडचं रक्त पायांकडे वळलेलं असतं, मग टोचणार नाही तर काय.

पळून आल्यावर मात्र ही पोरं लगेच खातात. नडगीपर्यंत लाल चिखल, बूट बाहेर आणि हातात पुन्हा चहा, सोबत मार्जरीन फासलेले ब्रेडचे जाड स्लाइस, असेल तर उकडलेलं अंडं.

लांब पल्ल्याच्या दिवशी उजी असते, म्हणजे पिठाची पातळ पेज. ही नैरोबीतही सकाळी रस्त्यावर मिळते, बायका मोठ्या थर्मासमधून मगात ओतून देतात, कामावर जाणारे लोक उभ्यानेच पितात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी मग खाली ठेवून आत काय आहे ते बघायलाच लागले, कारण चव थेट आजीच्या आंबिलीची! इथे तिला विंबी म्हणतात पण ती आपली नाचणीच, किंबहुना नाचणी मूळची इकडचीच, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेली. आंबवूनही करतात, लिंबू पिळून साखर घालून पितात.

मी आता करूरा फॉरेस्टमध्ये रविवारी लांब पळते तेव्हा हेच करते. (करूरा म्हणजे नैरोबी शहरातच असलेलं हजार हेक्टरचं जंगल, 1990 च्या दशकात बिल्डर लोकांच्या घशात चाललेलं ते इथल्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंनी मार खाऊन वाचवलं, 2004 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, त्या बाईंना माझा दर रविवारी मनातल्या मनात नमस्कार असतो.) दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ रात्रीच पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवून चिमूटभर मीठ आणि गूळ, पातळच ठेवायची, निघायच्या तास-दीड तास आधी. ताक चालतं, पण लसूण-जिऱ्याची फोडणी नको, ती ढेकर बनून वर येते. पाच-सात किलोमीटर असतील तर यातलं काहीच नाही, अर्धा कप चहा बास. दूध सोसत नसेल तर कोरा. आणि शुगर असेल, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी माझं काही ऐकू नका, डॉक्टरांना विचारा, रिकाम्या पोटी पळणं त्यांच्यासाठी वेगळंच प्रकरण आहे.

आदल्या रात्री काय नको तेही सांगते. इथे गिथेरी म्हणून मका आणि राजम्याचा एक मस्त प्रकार असतो, पोटभरीचा, स्वस्त, आणि दुसऱ्या दिवशी पळायचं असेल तर अजिबात नको. आपल्याकडे मिसळ, छोले, मटकीची उसळ, सगळी त्याच गटात. त्यापेक्षा साधा वरणभात घ्या, किंवा ज्वारीच्या दोन भाकरी नि कमी तिखटाची भाजी, आणि जरा जास्तच जेवा, त्या एका रात्री वजन वाढत नाही.

मुरसिकबद्दलही विचारलं होतं कोणीतरी, दुधी भोपळ्यासारख्या सुकवलेल्या तुंब्यात कोळसा घासून आंबवलेलं दूध. जिंकून आलेल्या धावपटूला विमानतळावरच ते पाजून स्वागत करतात. मी घोटभर घेतलं, आंबट आणि धुरकट, आवडलं. पण ते जिंकल्यावर प्यायचं असतं, पळायच्या आधी नाही, त्यामुळे आपल्या ग्रुपला सध्या तरी त्याची गरज दिसत नाही.

आणि हो, आंबील थेट रेसच्या सकाळी पहिल्यांदा पिऊन बघू नका, आधी दोन-तीन रविवार घराजवळच्या रस्त्यावर करून बघा, यवतेश्वरच्या घाटात मध्येच झाडी शोधायची वेळ आली तर मला टॅग करायचं नाही. काका, खिचडी तरीही नकोच.