कोणता कोर्स, आणि कधी

मंगळवार

माँटेसरी पद्धतीने लहान मुलांना शिकवायचं, तर आधी आपण शिकायला हवं. म्हणून आज शिक्षिकांसाठी कोर्स घेणाऱ्या एका क्लासला फोन केला. ‘तीन महिन्यांत सर्टिफिकेट मॅडम, घरबसल्या, सगळं व्हिडिओवर.’ फी परवडणारी. मुलांच्या वर्गात बसून निरीक्षण किती करायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘ते तुम्ही घरी करू शकता, तुमची मुलगी आहेच ना!’ मनातून तो क्लास तिथेच बाद झाला. माँटेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही पाटीवर लिहू शकतं. शहानिशा आपणच करायची.

दुसऱ्या टोकाला ‘एएमआय’चा, म्हणजे असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनलचा डिप्लोमा. ही संस्था ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरींनी स्वतः १९२९ मध्ये काढली. वयोगटाप्रमाणे डिप्लोमा वेगळा: जन्म ते तीन, तीन ते सहा, सहा ते बारा. व्याख्यानं, मुलांचं शिकण्याचं साहित्य (ठोकळे, मणी वगैरे) स्वतः हाताळण्याचा सराव, निरीक्षण, प्रत्यक्ष वर्गावरचे पाठ, शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा. शिवाय आल्बम: प्रत्येक साहित्य मुलापुढे कसं मांडायचं ते आपल्या शब्दांत लिहून काढायचं. मला हे सगळं मनापासून हवंय. पण दिवसभराचा कोर्स, डोंबिवलीहून रोजची लोकल, आणि चिऊ अजून दोन वर्षांची.

गुरुवार

दुपारी चिऊने एकात एक बसणारे स्टीलचे डबे खाली काढले. मोठं झाकण मधल्या डब्यावर ठेवलं, ते घसरलं. पुन्हा ठेवलं. मग झाकण उलटं करून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं. आई म्हणाल्या, ‘अगं, दे ना तिला लावून!’ माझाही हात पुढे जात होता, तो मागे घेतला. बऱ्याच वेळाने बरोबर झाकण टक्कन बसलं. चिऊने ते लगेच काढलं आणि पुन्हा लावलं.

माँटेसरीच्या दट्ट्यांमध्ये हेच आहे. लाकडी ठोकळ्यात दहा गोल खाचा, आणि त्यात एकेक बसणारे लहान-मोठे दहा दट्टे. एक चुकीच्या जागी गेला की शेवटचा कुठेच बसत नाही, किंवा खोल खाचेत बुडून जातो. चूक बाईंनी दाखवायची नाही, ठोकळाच दाखवतो. वाचून हे कळतं. पण वर्गात वीस-पंचवीस मुलं असताना कुणाजवळ जायचं आणि कुणाला त्याच्या नादात राहू द्यायचं, हे बसून बघितल्याशिवाय यायचं नाही. मला शिकायचंय ते हे.

शनिवार

आत्याशी बोलले. ती बालवाडीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. म्हणाली, ‘महागड्या साहित्यावर भाळू नकोस. ताराबाईंचं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांचं काम वाच.’ ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, आणि १९४५ मध्ये बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम झालं. तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य. वर्गवारी करायला, मोजायला, लहान-मोठं लावायला आणखी काय लागतं! माँटेसरीबाई मद्रासला अड्यारला आल्या १९३९ मध्ये, आणि भावनगरचं काम त्याच्याही आधीचं, म्हणजे तेव्हाच आपल्याकडे हे रुजू लागलं होतं. माँटेसरीच्या गुलाबी मनोऱ्याच्या, एकावर एक रचायच्या दहा ठोकळ्यांची अचूकता मला मोलाची वाटतेच, पहिला एक सेंटिमीटरचा, शेवटचा दहाचा. पण जे प्रशिक्षण केंद्र शिंपल्यांनी शिकवणाऱ्या बालवाडीकडेही आदराने पाहील, तिथेच मी रमेन.

आत्याने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. सरकारी प्राथमिक शाळेत लागायचं तर डी.एल.एड. ही शिक्षकांची पदविका लागते, एएमआयचा डिप्लोमा तिथे चालत नाही. मला बालवाडीतच राहायचंय, म्हणून चालेल.

रविवार

ठरलं. डिप्लोमा तीन ते सहाचा. चिऊमुळे शून्य ते तीनचा मोह फार होता, पण ती त्या वयातून लवकरच बाहेर पडेल, आणि मला पुढची वीस वर्षं या कामात घालवायची आहेत. यंदा प्रवेश घ्यायचा नाही. यंदा वर्गातल्या मदतनीसांसाठी असतो तो छोटा कोर्स आणि जवळच्या बालवाडीत आठवड्यातून दोन सकाळी. पुढच्या वर्षी चिऊही बालवाडीत जाईल. नवरा म्हणाला, ‘तेव्हा तू फॉर्म भर, सकाळचं मी बघतो. तिचा डबासुद्धा.’ आई दुपारचं बघतील, मात्र त्यांच्या गुडघ्यांचं बघून एक बाई ठेवावी लागेल. त्याचे पैसे फीच्या हिशेबातच धरले.

उद्या केंद्रावर जाऊन विचारायचं: फी हप्त्यांनी चालेल का, आल्बम कोण तपासतं आणि परत देताना काय लिहून देतं, मूल आजारी पडून हजेरी चुकली तर भरून काढता येते का. आणि एक पूर्ण सकाळ वर्गात मागे बसू देतील का.