नोंदणीचा शेवटचा दिवस

परदेशी लीगमध्ये खेळणाऱ्या बास्केटबॉलपटूंच्या एजंटकडे मी करारांचं काम बघतो. लोकांना वाटतं, याला रोज फुकटात सामने बघायला मिळत असतील. प्रत्यक्षात दिवस जातो तो कलमं आणि पगाराच्या तारखा तपासण्यात.

त्या दिवशी आमच्या एका पॉइंट गार्डची नव्या लीगमध्ये संध्याकाळपर्यंत नोंदणी व्हायलाच हवी होती. जुन्या क्लबने पगार थकवला म्हणून त्याने रीतसर नोटीस देऊन करार संपवला होता. नवा क्लब तयार, मेडिकलही झालेली. अडलं होतं ते क्लिअरन्स लेटर. देश बदलून खेळायचं तर आधीच्या देशाच्या फेडरेशनचं हे पत्र लागतंच. ते नाकारायला फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात एकच कारण चालतं: जुना करार अजून लागू असणं. क्लबने नेमकं तेच कळवलं, फेडरेशनने नकार दिला आणि प्रकरण फिबाकडे गेलं. त्यात सकाळी क्लबने नवीन पुडी सोडली, की हा सरावाला दांड्या मारत होता, म्हणजे करार त्यानेच मोडला.

ही चाल जुनीच. आधी पैसे अडवायचे, मग खेळाडू वैतागून बॅग भरून निघाला की त्यालाच दोषी धरायचं. म्हणूनच पहिला हप्ता चुकल्यापासून मी त्याच्या मागे लागलो होतो: नोटिशीची मुदत संपेपर्यंत एकही सराव बुडवू नकोस. तो भडकायचा. "पगार नाही आणि मी घाम गाळू?" तिशी उलटलेल्या, रोज गुडघ्याला बर्फ लावून घेणाऱ्या माणसाला काय सांगणार? पण कुरकुरत का होईना, तो जात राहिला.

तो बर्फच कामी आला. क्लबचा फिजिओ प्रत्येक उपचाराची वेळ तक्त्यावर लिहून खेळाडूची सही घ्यायचा आणि आमचा गडी त्याचे फोटो मला पाठवायचा. क्लबने गैरहजेरीची म्हणून दिलेली एकेक तारीख मी ताडून पाहिली. त्या प्रत्येक तारखेपुढे 'उजवा गुडघा, सरावानंतर' आणि खाली त्याची ती वेडीवाकडी सही! तक्ते, बँकेचं स्टेटमेंट, नोटिशीचा ईमेल, सगळं लगेच फिबाला पाठवलं.

मग नुसती वाट बघणं. त्याचे फोन सुरूच. शेवटी मी उचलायचं बंद केलं. कचेऱ्या बंद व्हायच्या बेताला मंजुरी आली आणि नव्या क्लबने घाईघाईत त्याचं नाव चढवलं.

थकलेल्या पगाराचा दावा बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे गेला. 2006 पासून हा लवाद आहे. तो कुठल्या एका देशाच्या कायद्यात न अडकता न्याय्य काय ते ठरवतो, बहुतेक वेळा नुसत्या कागदांवर. परक्या देशात कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, पण महिने जातातच. निकाल आमच्या बाजूने लागला. क्लबने पैसे सोडले मात्र नवे खेळाडू नोंदवायला फिबाने बंदी घातल्यावरच.