सातही शब्दांपुढे एकच अर्थ: भयंकर

माझ्या पहिल्या वहीत ग्रिम, डायर, ब्लीक, डिस्मल, डेस्परेट, ग्रेव्ह आणि हॅरोइंग हे इंग्रजी शब्द एकाखाली एक होते. सातांना मिळून एक मोठा महिरपी कंस काढून मी पुढे एकदाच लिहिलं होतं: भयंकर. वेळ वाचला म्हणून खूशही झालो होतो.

लातूरच्या मराठी शाळेतला मी. २०१८ साली बँकेच्या पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचो आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचो. पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, वेळ २० मिनिटं, उत्तर चुकलं की पाव गुण वजा. गणित आणि रीझनिंग निघालं, इंग्रजीचा कटऑफ मात्र सव्वा गुणाने हुकला. समानार्थी शब्द ओळखायला मी चुकत नव्हतो. मला मारलं ते गाळलेल्या जागांनी. पाच पर्याय समोर, माझ्या लेखी पाचांचा अर्थ भयंकर, मग ठोक अंदाजपंचे.

शेजारच्या टेबलावर सांगलीकडचा एक दादा बसायचा, त्याची मेन्सची, म्हणजे मुख्य परीक्षेची, तिसरी खेप होती. एकदा चहाला जाताना त्याने माझी वही उचलली, त्या कंसावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हलाखीचा दुष्काळ म्हणतोस का रे कधी?"

"नाही."

"केविलवाणी वाट? बिकट चूक?"

मला हसू आलं. दुष्काळ भीषण असतो, वाट बिकट, परिस्थिती हलाखीची, चूक गंभीर, प्रयत्न केविलवाणा नाहीतर निकराचा. हे मला कोणत्याच सरांनी शिकवलं नव्हतं, तरी चुकत नव्हतं. "मग इंग्रजी शब्दालाही एकटा कशाला पकडतोस? त्याच्याबरोबर कोण येतं ते बघ की." चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले.

पण बघायचं कुठे? इंग्रजी पेपरातले अग्रलेख वाचा, असं सगळेच सांगतात. मला चौथ्या ओळीला झोप यायची. मग मोबाइलवर आमच्याच दुष्काळाच्या जुन्या इंग्रजी बातम्या काढल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. तेव्हा मी टँकरच्या रांगेत घागरी लावल्या होत्या, त्यामुळे बातमीत काय असणार हे आधीच ठाऊक. सगळं लक्ष शब्दांवर राहायचं. हळूहळू जोड्या दिसायला लागल्या. बातमी आणि चेहरा ग्रिम. गरज आणि परिणाम डायर. भविष्य किंवा उघडं माळरान ब्लीक. कामगिरी, निकाल, अपयश डिस्मल. चूक आणि धोका ग्रेव्ह. अनुभव हॅरोइंग.

डेस्परेटने सगळ्यात जास्त छळलं. आमच्या पोरांत 'डेस्परेट झालाय' म्हणजे पोरीसाठी उतावळा, एवढाच अर्थ. शब्दकोशात पाहिलं तर मूळ लॅटिन अर्थ आशा सुटलेला. म्हणजे तोच होपलेस का? नाही. होपलेस माणूस खाटेवर पडून राहतो, डेस्परेट माणूस सावकाराच्या दारात उभा असतो. चार बोअर कोरड्या गेल्यावर पाचवी घेणारे आमचे काका डेस्परेट. हे वहीत लिहिलं आणि पुन्हा कधी तो शब्द चुकला नाही.

मूळ शोधायचा नाद लागला तो इथूनच. क्लासमध्ये सांगितलं असतं तर 'परीक्षेत येतं का हे?' असा प्रश्न आला असता, आणि खरंच येत नाही. पण लक्षात राहायला याच्यासारखं दुसरं काही नाही. डिस्मलच्या मुळाशी लॅटिनमधले 'वाईट दिवस' आहेत. मध्ययुगीन युरोपच्या पंचांगात महिन्याला दोन अशुभ दिवस धरलेले असत. आपल्या अमावास्येला घाबरणारी आजी तिथेही असणार. ग्रेव्ह म्हणजे मुळात जड, आपल्या 'गुरु'चा दूरचा भाऊ. कबर या अर्थाचा ग्रेव्ह वेगळ्या घरातला, तो खणण्यावरून आलेला. 'डायर स्ट्रेट्स' म्हणजे मोठी अडचण, आणि त्यातला स्ट्रेट म्हणजे चिंचोळी जागा. हे वाचलं आणि मी हसलोच, कारण आमच्या कॉटखाली ट्रंक ठेवली की रूममालक ओरडायचे, "अडचण करू नका!" अरुंद जागा ती अडचण आणि पैशाची ओढाताण तीही अडचणच. संस्कृतातल्या 'संकट'चाही मूळ अर्थ अरुंद, दाटलेलं असाच.

आणि हॅरोइंग. हा शब्द मी वर्षभर पाठ करत होतो आणि हॅरो आमच्या वावरात उभा होता! ट्रॅक्टरच्या मागे जोडतात तो, तव्यांचा कुळव. ढेकळं फोडत, जमीन ओरबाडत जातो. मनावरून तसा कुळव फिरला की तो अनुभव हॅरोइंग. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. हॅरोचं भाडं वाढलंय."

२०१९ ला पुन्हा बसलो. त्या पेपरात यातला एकही शब्द आला नाही. तरी गाळलेल्या जागा निघाल्या, कारण आता मी पर्याय नंतर बघत होतो, आधी जागेच्या पुढचा शब्द वाचत होतो. इंग्रजीचा कटऑफ साडेचार गुणांनी ओलांडला. मेन्सचं रडगाणं वेगळं, ते इथे नको.

वही आता चुलत बहिणीकडे आहे, ती यंदा बसतेय. परवा तिचा मेसेज आला: "दादा, पहिल्या पानावर कंस करून 'भयंकर' लिहिलंयस तेवढंच पाठ केलं तर चालेल ना?"