१२३४५६७८९ च्या पोटात काय आहे

कॅल्क्युलेटरची बटणं नीट चालतात का बघायचं असलं, एखाद्या फॉर्ममध्ये खोटा नंबर टाकायचा असला, की बोटं आपोआप १२३४५६७८९ वर जातात. पण हा आकडा कधी वाचून बघितलाय? बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. असं म्हटलं की एकदम भारदस्त वाटतो, नाहीतर आपण त्याला कुठे आकडा समजतो!

परवा झोप येत नव्हती म्हणून याचे अवयव पाडायला बसलो. सुरुवात सोपी, अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणारच. आणि मजा म्हणजे १ ते ९ हे अंक एकेकदाच घेऊन कसेही उलटेपालटे मांडा, ३,६२,८८० प्रकार होतात, बेरीज तीच राहते, त्यामुळे त्यातला एकही आकडा मूळ संख्या नाही. एकही नाही!

९ ने भागल्यावर उरले १३७१७४२१, आणि इथे गाडी अडली. ७ ने भागलं, बाकी ४. ११ ने, बाकी ३. १३ ने, परत ३. वर्गमूळ येतं ३७०३ च्या जरा पुढे, म्हणजे तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या, पाचशेच्या वर आहेत त्या, मी शंभराच्या आतच कंटाळलो आणि ठरवून टाकलं की हा प्राईमच असणार.

मग फर्माची युक्ती आठवली. सतराव्या शतकातला माणूस, पेशाने कायद्यातला, गणित आपलं हौस म्हणून. तो लहान अवयवांच्या मागे लागतच नाही, सरळ वर्गमूळापाशी जाऊन उभा राहतो. पुढचा पूर्णांक घ्यायचा, वर्ग करायचा, त्यातून आपला आकडा वजा करायचा आणि जे उरेल तो पूर्ण वर्ग आहे का बघायचं. ३७०४ चा वर्ग १३७१९६१६, वजा केल्यावर २१९५, नाही जमलं. ३७०५ चा वर्ग १३७२७०२५, वजा केल्यावर ९६०४, आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग! मी उठूनच बसलो. शाळेतलं अ वर्ग वजा ब वर्ग, ३७०५ मधून ९८ काढा, ३७०५ मध्ये ९८ मिळवा, झाले की अवयव: ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. आणि खालून एकेक लावत गेलो असतो तर ३६०७ चा नंबर ५०४ वा लागला असता.

अर्थात ही युक्ती दरवेळी इतकी लाडात येत नाही, दोन अवयव एकमेकांजवळ असले तरच, नाहीतर खालून जाणंच बरं.

मग म्हटलं उलटा आकडा पण बघू, ९८७६५४३२१. हा म्हणजे सुलट्याची आठपट अधिक ९, अगदी बरोब्बर, त्यामुळे दोघांचा मसावि एका ओळीत ९. याच्यात तर १७ लगेच सापडला, तोही दोनदा, आणि शेवटी उरला ३७९७२१, ज्याला कशानेच भाग जाईना.